नकाशाच्या कडेला शीळफाटा



गावाला वेस असते, देऊळ असतं, चावडी असते. फाट्याला काय असतं? एक वडापावची टपरी, एक पंक्चरवाला आणि एसटीची वाट बघणारी चार माणसं. मोठ्या रस्त्याला दुसरा रस्ता फुटतो, तो फाटा. तिथे उतरायचं आणि पुढे जायचं. राहायचं कुणी नाही. शीळफाट्याचं नेमकं उलटं झालं. लोक उतरले आणि तिथेच राहिले.

मी डोंबिवलीचा. नोकरी महाप्याला. वीस-बावीस वर्षं रोज या फाट्यावरून गेलो. गेलो म्हणजे काय, बराचसा वेळ उभाच होतो. उत्तरेला मुंब्रा आणि ठाणं, पूर्वेला कल्याण, दक्षिणेला तळोजा-पनवेल, पश्चिमेला पारसिकचा डोंगर चढून महापे. एक्स्प्रेस-वे होण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जायचा जुना हमरस्ता इथूनच जायचा. आज न्हावाशेवा बंदराचे कंटेनर याच रस्त्याने भिवंडी, नाशिक, गुजरात गाठतात. दिवसाच्या ठरावीक वेळेत अवजड वाहनांना बंदी, म्हणून ते कडेला दम खात उभे. ड्रायव्हर टायरच्या सावलीत स्टोव्ह पेटवून डाळ शिजवतो. कुकरची तिसरी शिट्टी होईस्तोवर आमची बस जेमतेम दोन ट्रक पुढे सरकलेली असायची.

पण शीळफाटा समजायला डोंगराच्या पलीकडून सुरुवात करावी लागते. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' या नियतकालिकात एक कल्पना मांडली: मुंबई उत्तरेकडे लांबत नेण्यापेक्षा खाडीच्या पूर्वेला नवं शहर वसवा. पाच वर्षांनी, 17 मार्च 1970 रोजी हे शहर वसवायला सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं, 344 चौरस किलोमीटर जमीन. शहराचे नोड ठरले, नोडचे सेक्टर ठरले, आणि सेक्टरमध्ये शाळा कुठे, बाजार कुठे, तेही ठरलं. सरकारनेच तिकडे राहायला जावं, अशीही तिघांची अपेक्षा होती. मंत्रालय काही हललं नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून नवे मजले उभे राहिले. तरी नवी मुंबई झाली, आणि माझं मत विचाराल तर बरी झाली.

तिची किंमत मात्र तिथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी मोजली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जासईला संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून आली.

आता नकाशा म्हटला की त्याला कड असणार. या बाजूला ती कड पारसिकच्या डोंगरावरून गेली. अलीकडे महाप्याला कारखाने, मग संगणकाच्या कंपन्या. डोंगर उतरलं की शीळ. त्या शहराला लागणारी, पण त्याच्या सेक्टरमध्ये न बसणारी प्रत्येक गोष्ट इकडे उतरली. खदानी आणि त्यांची खडी, भंगार, लाकूड, प्लायवूड, जुनं फर्निचर, पत्र्याची गोदामं. सोसायटीत झाडलोट करणारा, रात्री एटीएमपाशी बसणारा, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणारी, यांच्या पगारात बसेल असं घर नियोजनात फारसं नव्हतं. ते घर शीळ, मुंब्रा, दिवा इथे मिळालं. कसं मिळालं, ते 4 एप्रिल 2013 च्या संध्याकाळी कळलं. इथल्या लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली. वरच्या मजल्यांचं काम चालू होतं आणि खाली माणसं राहायला आलेली होती. 74 जण गेले. त्यानंतर कितीतरी दिवस बस तिथून जाताना आतली बडबड आपोआप थांबायची.

फाट्याच्या आसपास पावलागणिक पालिका बदलते. शीळ, डायघर ठाण्यात. कल्याणकडे निघालं की 27 गावांचा पट्टा: 1983 मध्ये कल्याण महापालिकेत, 2002 मध्ये बाहेर, 2015 मध्ये परत आत. 2020 मध्ये त्यातली 18 पुन्हा वगळली, तर उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दक्षिणेकडे दहिसर, पिंपरी, उत्तरशिव, भंडार्ली अशी 14 गावं. ती नवी मुंबईत होती, 2007 मध्ये गावकऱ्यांच्याच मागणीवरून बाहेर पडली, आणि पुढे गावकऱ्यांच्याच मागणीवरून पुन्हा नवी मुंबईत घेण्याचं ठरलं. बाहेर पडले ते कराच्या आणि पाडकामाच्या धास्तीने. परतावंसं वाटलं ते पाणी, गटारं आणि गोदामांचा विळखा पाहून. फाट्यावर काकड्या आणि शिराळी घेऊन बसणाऱ्या एका आजोबांना मी एकदा विचारलं, "बाबा, तुमचं गाव आता कुठल्या महापालिकेत?" ते दोडक्यांवर पाणी शिंपडत म्हणाले, "आमी हितंच हाव. पालिका येतान नि जातान."

गंमत अशी, की नियोजित शहर नंतर डोंगर ओलांडून इकडेही आलं, पण या खेपेला सरकार नव्हतं, बिल्डर होता. निळजे-खोणी भागात सुमारे साडेचार हजार एकरांवर लोढांचं पलावा उभं राहिलं. त्याच्या शेजारीच दहा गावांतल्या हजारभर हेक्टरवर एमएमआरडीएचं कल्याण विकास केंद्र आखलं गेलं. पलावाच्या फाटकाच्या आत पदपथ आहेत, झाडांना वेळेवर पाणी आहे. फाटकाबाहेर आलं की तोच कल्याण-शीळ रस्ता! रुंद केला, मध्ये मेट्रोचे खांब आले, गाड्या वाढल्या. घर आखता येतं, शहरही आखता येतं. पण पलावातला माणूस सकाळी महाप्याला जायला निघाला की त्याला आमच्याच रांगेत लागावं लागतं. त्यात मला थोडं समाधान वाटतं, हे कबूल करतो.

आता फाट्याखालून बुलेट ट्रेन येते आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघालेला 21 किलोमीटरचा बोगदा, त्यातला सात किलोमीटर ठाणे खाडीखाली, शीळफाट्याला उजेडात येतो. घणसोली ते शीळफाटा हा त्याचा टप्पा सप्टेंबर 2025 मध्ये आरपार झाला. ऐरोली-काटई रस्त्यासाठीही डोंगर पोखरला आहे. पारसिकची ती कड आता दोन-तीन ठिकाणी भोकं पडलेली आहे. बुलेट ट्रेन फाट्यावर थांबणार नाही. तिचं ठाणे स्थानक शेजारच्या म्हातार्डीला.

परवा निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तिथे उतरलो. संध्याकाळचे सात. धुरळा, भज्यांचा वास, कुठल्याशा गोदामाचं शटर खाली ओढल्याचा आवाज. आजोबांच्या जागी त्यांची सून बसली होती, काकड्यांच्या शेजारी आता मोबाइलच्या कव्हरांची टोपली. "काटई, मानपाडा, डोंबिवली," रिक्षावाला ओरडत होता. मी बसलो. तीन जण झालो होतो. "चौथा आला की लगेच निघू, काका," तो म्हणाला आणि इंजिन बंद करून चहा प्यायला गेला.