पोस्त आणि बोनस : मुंबईच्या सणासुदीतला श्रमिक

(मुंबई परिसरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



गणपतीपासून दिवाळीपर्यंतचे दिवस संघटनेच्या कामाला निरुपयोगी असतात, असा समज आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात घर करून बसलेला आहे. निम्मी माणसे कोकणात गेलेली, उरलेली मंडपात गुंतलेली. सभा लावावी तर श्रोते नाहीत, वर्गणी मागावी तर ती आधीच मंडळाने नेलेली. तेव्हा दसरा जाऊ द्या, दिवाळी जाऊ द्या, मग पाहू. ही सबब मी स्वतः तरुणपणी अनेकदा सांगितलेली आहे, म्हणून तिच्यावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. आज मला नेमके उलट म्हणायचे आहे. या शहराच्या वर्षात असा दुसरा हंगाम नाही की ज्यात मजुरी, कर्ज, गावचे घर आणि माणसाचा मान हे चारही प्रश्न एकाच वेळी कामगाराच्या दारात येऊन उभे राहतात.

माझे वडील गिरणीत साचे चालवीत. आमच्या चाळीत दिवाळीला दोन शब्द ऐकू येत. एक ‘पोस्त’ आणि दुसरा ‘बोनस’. पोस्त मागायला झाडूवाला येई, टपालवाला येई, रात्री काठी आपटीत फिरणारा गुरखा येई. ‘दिवाळीची पोस्त’ म्हणत तो दारात उभा राही, आणि आई पदराच्या गाठीतून चार आणे, आठ आणे काढून देई. देणाऱ्याची मर्जी आणि घेणाऱ्याचा नमस्कार, एवढाच तो व्यवहार. बोनस निराळा होता. त्याच्यासाठी वडील कुणापुढे वाकले नव्हते. बोनस वाटपाच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर व्याजवसुलीसाठी पठाण उभे असत, आणि हातात आलेल्या रकमेतले किती घरापर्यंत पोहोचेल याची चिंता आईच्या चेहऱ्यावर सकाळपासून दिसे. पण जे पोहोचे ते मान खाली न घालता आलेले असे. पोस्त आणि बोनस यांतील हा फरक मला पुस्तकाने पुढे शिकवला, चाळीने आधीच शिकवला होता.

अलीकडे दर दिवाळीत एक गोष्ट फोनवरून फिरते. इंग्रजांनी आठवड्याचा पगार बंद करून महिन्याचा सुरू केला, त्यात कामगाराचे वर्षाला चार आठवडे बुडाले आणि त्याची भरपाई म्हणून बोनस आला, असे तीत सांगितलेले असते. हिशेब सुटसुटीत आहे, म्हणून तो पटतो. पण मुंबईच्या गिरण्यांत पगार फार पूर्वीपासून महिन्यानेच होत असे आणि तोही उशिराने. बोनसचा इतिहास या गोष्टीहून अधिक कडू आहे. पहिल्या महायुद्धात गिरणीमालकांनी अमाप नफा कमावला, महागाई कडाडली, आणि १९१७ मध्ये त्यांनी पगाराच्या १० टक्के ‘युद्ध बोनस’ दिला. युद्धानंतर काही वर्षे महिन्याच्या पगाराइतका वार्षिक बोनस मिळत गेला. १९२३ सालचा बोनस मालकांनी नाकारला, तेव्हा जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. मार्चपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. सरन्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि तिने निर्णय दिला की, बोनसवर कामगारांचा कायद्याने वा रूढीने कोणताही हक्क नाही. म्हणजे मालकाने दिले तर दिले. म्हणजेच पोस्त!

ही पोस्त हक्कात बदलायला आणखी एक्केचाळीस वर्षे लागली. १९५० मध्ये मुंबईच्याच गिरण्यांच्या खटल्यात कामगार अपिलीय न्यायाधिकरणाने सूत्र घालून दिले : नफ्यातून घसारा, जुनी यंत्रे बदलण्याची तरतूद, भागभांडवलावरील ६ टक्के परतावा वगैरे सर्व वजा करा, मग जे उरेल त्यात कामगाराचा वाटा. पंगतीत मालक आधी जेवणार आणि उरले तर कामगार, हे त्याचे साधे मराठी. तरीही प्रथमच असे मान्य झाले की उरलेल्यात वाटा आहे. १९६५ च्या कायद्याने नफा असो वा तोटा, किमान ४ टक्के बोनस बंधनकारक केला. १९७२ मध्ये ही मर्यादा ८.३३ टक्क्यांवर, म्हणजे एका महिन्याच्या पगारावर आली. सप्टेंबर १९७५ मध्ये, आणीबाणीत, वटहुकुमाने ती पुन्हा ४ टक्क्यांवर खाली आणली गेली. सभा, संप, वृत्तपत्रे यांची तोंडे बंद असताना कामगाराच्या खिशातून पहिली कोणती गोष्ट काढून घेतली गेली, हे तरुण कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. १९७७ मध्ये राजवट बदलली आणि ८.३३ टक्के परत मिळाले.

रेल्वे कामगारांना तर सरकार बोनसचे अधिकारीच मानत नव्हते. मे १९७४ च्या त्या वीस दिवसांच्या संपात बोनस ही एक प्रमुख मागणी होती. संप चिरडला गेला. मागणी मात्र १९७९ मध्ये उत्पादकतेशी निगडित बोनसच्या रूपाने मान्य करावी लागली. आणि गिरणगावाचा शेवटचा मोठा संप? १८ जानेवारी १९८२ ही तारीख सर्वांना पाठ आहे. त्याची ठिणगी १९८१ च्या दिवाळीपूर्वी झालेल्या बोनसच्या करारातून पडली, हे मात्र विसरले जाते. तो करार काही गिरण्यांतील कामगारांना मानवला नाही, त्यांनी काम थांबवले आणि ते दत्ता सामंतांकडे गेले. पुढे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुढचे सारे आपण जाणतोच. तेव्हा सणाचे दिवस चळवळीला निरुपयोगी असतात, हे विधान इतिहासाला तरी धरून नाही.

बोनस आणि दिवाळी यांची सांगड धर्माने घातली, असे समजून आपले काही साथी या प्रश्नापासून अंग चोरतात. वस्तुतः कायद्याने हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्यावा लागतो. वर्ष मार्चअखेर संपते, मुदत नोव्हेंबरअखेर येते, आणि सण त्याच्या अलीकडे पडतो. केरळात तो ओणमला मागतात, बंगालमध्ये पूजेला. उत्तर बंगालच्या चहामळ्यांत पूजेच्या बोनसवरून दरवर्षी वाटाघाटी होतात. २०२४ मध्ये १६ टक्क्यांवर तडजोड झाली, २०२५ मध्ये २० टक्के मिळाले. मळ्यातील आदिवासी, नेपाळी, ख्रिस्ती मजूर तो सारखाच घेतो. सण ही केवळ तारीख आहे. घरात खर्च केव्हा उभा राहतो, याची तारीख.

आता आजच्या मुंबईकडे वळू. सणाची रोषणाई रस्त्यावरून सर्वांना दिसते. ती कोणाच्या श्रमावर उभी असते, ते पाहायला आडबाजूला जावे लागते. पेण आणि हमरापूरच्या कारखान्यांत उन्हाळ्यापासून मूर्ती घडतात. रंगकामाला गावोगावच्या बायका नगावर बसतात. दसऱ्याच्या आदल्या रात्री दादर स्थानकाबाहेर पदपथावर कर्जत, शहापूर, पालघरकडच्या आदिवासी बाया आपट्याच्या पानांच्या, भाताच्या लोंब्यांच्या जुड्या घेऊन बसतात. रात्र तिथेच काढतात, एक डोळा गिऱ्हाइकावर आणि एक डोळा ‘गाडी आली’ या हाकेकडे. आपण ज्याला सोने म्हणून वाटतो ते विकून परतीचे भाडे आणि पोरांचे कपडे निघाले, तर त्यांचा दसरा झाला. अनंत चतुर्दशीनंतरच्या सकाळी गिरगाव चौपाटीवर जा. रात्रभर लाखोंनी निरोप दिलेला असतो. पहाटे निर्माल्य आणि मूर्तींचे अवशेष उचलायला सफाई कामगार वाळूत उतरलेले असतात.

भिवंडीच्या यंत्रमागांवर दर मीटरला मजुरी, आणि एकाच छपराखालचे माग निरनिराळ्या नावांवर. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला बोनसचा कायदा लागू होत नाही, हे मालकाला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. तेथील आणि साऱ्या शहरातील उत्तर प्रदेश-बिहारचा मजूर दिवाळी आणि छठसाठी गावी निघतो. २७ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरच्या अनारक्षित गाडीत शिरताना चेंगराचेंगरी झाली, माणसे जखमी झाली. आपला चाकरमानी गणपतीला कोकणच्या गाडीत असाच लोंबकळत जातो. दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणारे पक्ष या शहरात पुष्कळ आहेत. दोघांसाठी जादा गाड्या मागणारे मोर्चे मला कमीच आठवतात. यात आपलाही वाटा आहे, हे नमूद करतो.

आणि आता घरोघर सामान पोचवणारी ती तरुण मुले. सणाच्या आठवड्यात त्यांच्या दुचाकीला उसंत नसते. नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात अशा कामगारांची संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटी होईल असा अंदाज केला. कंपनी त्यांना कामगार म्हणत नाही, ‘भागीदार’ म्हणते. भागीदाराला नफ्यात वाटा नाही, तोट्यात मात्र आहे : पेट्रोल त्याचे, गाडी त्याची, अपघातही त्याचाच. बोनसच्या जागी गिऱ्हाइकाच्या फोनवर एक चौकोन उमटतो, ‘टिप द्यायची आहे काय?’ चाळीच्या दारातली पोस्त यंत्रात शिरून परत आली आहे, इतकेच.

शब्दांकडे लक्ष द्या, कॉम्रेड्स. मुंबई महापालिकेच्या कायम कर्मचाऱ्यांना २०२५ च्या दिवाळीत ३१,००० रुपये मिळाले. ते मिळवण्यामागे संघटनांची ताकद आहे, पण त्याचे नाव ‘सानुग्रह अनुदान’. म्हणजे कृपा. कंत्राटदाराच्या हजेरीपटावरचा सफाई कामगार त्या कृपेच्याही बाहेर. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना राज्य सरकारने त्याच दिवाळीत प्रत्येकी २,००० रुपये दिले. नाव ‘भाऊबीज भेट’. सरकार भाऊ झाले आणि वर्षभर पोषण आहार वाटणारी, नोंदी ठेवणारी, सर्वेक्षणे करणारी बाई बहीण झाली. बहिणीने ओवाळायचे असते, हिशेब मागायचा नसतो. तिला पगार नाही, ‘मानधन’ आहे. पण एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच भगिनींना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, कायदा लागू होतो असा निवाडा दिला. नाव काहीही द्या, श्रम तो श्रमच, हे त्यातून निघते. त्याचप्रमाणे २०१७ मध्ये मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांच्या कायम नोकरीचा निवाडा सर्वोच्च न्यायालयातून मिळवला. वर्षानुवर्षे हजेरीचे कागद जपून ठेवल्याखेरीज असे खटले उभे राहत नाहीत.

ज्यांना बोनस नावाने बोनस मिळतो त्यांचेही पाहू. रेल्वे कामगाराला २०२५ मध्ये ७८ दिवसांचा बोनस जाहीर झाला. आकडा भरघोस दिसतो. पण हिशेब महिना ७,००० रुपयांवर, म्हणून कमाल रक्कम १७,९५१ रुपये. किमान मूळ वेतन २०१६ पासून १८,००० रुपये आहे. म्हणजे ७८ दिवसांचा म्हणून जो मिळतो, तो प्रत्यक्षात महिनाभराच्या किमान पगाराएवढाही नाही.

लक्ष्मीपूजनाला बरोबर एक महिना झाला तेव्हा, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, चार श्रमसंहिता अमलात आल्या. १९६५ चा बोनस कायदा वेतनसंहितेत विलीन झाला. किमान ८.३३ आणि कमाल २० टक्के हे आकडे कायम आहेत, वीस कामगारांची अट कायम आहे. परंतु किती वेतनापर्यंतचा कामगार बोनसला पात्र, हा आकडा पूर्वी कायद्यातच लिहिलेला असे, २०१५ च्या दुरुस्तीने तो २१,००० रुपये होता. आता तो सरकारने अधिसूचनेने ठरवायचा आहे. संसदेत जो आकडा बदलताना निदान चर्चा करावी लागे, तो आता खात्याच्या टेबलावर बदलू शकतो. ‘आहे तेच आहे’ असे सांगणाऱ्यांना हा फरक दाखवून द्या.

तेव्हा येत्या हंगामात काय करायचे? एक तर मंडपाकडे नाक मुरडणे सोडावे. मी श्रद्धेविषयी बोलत नाही, ज्याची त्याची त्याच्यापाशी. पण याच गिरणगावातून अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये उभे राहिले, आणि जेथे कामगार जमतो तेथे ते गेले. आज मंडपाच्या कमानीवर बिल्डरची जाहिरात असते, आणि पाठीमागे अंधारात वायरमन, मांडववाला आणि रात्रपाळीचा रखवालदार बसलेला असतो. त्या पाठीमागच्या बाजूला आपले काम आहे. दुसरे असे की, कंत्राटी कामगारांची नावे दिवाळीच्या तोंडावर गोळा करण्यात अर्थ नसतो. वर्षात ३० दिवस काम केलेला कामगार बोनसला पात्र ठरतो. ते दिवस सिद्ध करायचे तर नोंद एप्रिलपासून हवी. कंत्राटदार सणाआधी माणसे बदलतो ते याचसाठी. आमच्या एका नाक्यावर मागे तिघांनी रोजच्या हजेरीचे फोटो काढून ठेवले होते, आणि कंत्राटदाराने पहिल्याच बैठकीत रक्कम कबूल केली. बाकीच्या अकरा जणांकडे काही नव्हते. त्या अकरांपैकी एकाने मला विचारले, ‘साहेब, मग आम्हाला निदान पोस्त तरी?’ मला उत्तर देता आले नाही.

उद्याच्या सकाळच्या सत्रात ज्यांच्याकडे कंत्राटदाराची हजेरीकार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या किंवा बँकेची पुस्तके असतील त्यांनी ती बरोबर आणावीत. त्यांवरून तीस दिवसांचा हिशेब कसा मांडायचा, ते आपण फळ्यावर करून पाहू.