साखरेआधी रक्त पाहा

श्रोतेहो, मधुमेहाचं पथ्यपाणी तुम्हाला पाठ आहे, ते आज सांगत नाही. मी एकाच गोष्टीसाठी हट्ट धरणार आहे. तीन महिन्यांच्या साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा रिपोर्ट हाती आला की सोबत हिमोग्लोबिन किती आहे ते पाहा.

ही तपासणी रक्तातली साखर थेट मोजत नाही. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, ते मोजते. बरणीतलं लोणचं डोळ्यांपुढे आणा. खार एकच, पण काल टाकलेली फोड कमी मुरते, जुनी फोड जास्त. तांबडी पेशी अशी साधारण 120 दिवस मुरते. अंगात लोह कमी पडलं की नव्या फोडी पुरेशा पडत नाहीत, जुन्याच मुरत राहतात. मग चाखणारा म्हणतो, खार फार झाला! खार तेवढाच असतो हो.

म्हणून आकडा 6.6, म्हणजे मधुमेहाच्या हद्दीत, आणि हिमोग्लोबिन 8, म्हणजे बरंच कमी, असा रिपोर्ट आला तर लगेच कपाळाला हात लावू नका. उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर तपासा. ती थेट मोजतात. आधीच मधुमेह असेल, तर ग्लुकोमीटरच्या नोंदी डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मात्र मनाने कमी-जास्त करायच्या नाहीत.

उलटही घडतं. लोहाच्या गोळ्या लागू पडल्या की बरणीत ताज्या फोडी येतात, आकडा उतरतो. साखर होती तिथेच, आणि आपण जिलबी मागवतो! हे चालायचं नाही.

बायांनो, तुम्हाला मुद्दाम सांगते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सगळ्यांना जेवू घालून उरलंसुरलं खाता, वर लगेच चहा घेता. चहाने लोह नीट शोषलं जात नाही. म्हणून पुन्हा सांगते, साखरेचा आकडा एकटा वाचू नका. हिमोग्लोबिन पाहा, डॉक्टर म्हणाले तर फेरिटिनही, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणीही करा.

आणि पुरुषांनो, तुमचं रक्त कमी असेल तर नुसत्या गोळ्या घेऊन भागत नाही. मूळव्याध, जठरातला व्रण, कुठून रक्त जातंय ते शोधावं लागतं. मला थांबायची खूण झाली आहे.