शेततळ्यातील मत्स्यपालन : अनुभव आणि हिशेब
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळावा, कवठे येमाई येथील भाषण)



मी काही मत्स्यशास्त्राचा पदवीधर नाही. चुकत चुकत शिकलेला शेतकरी आहे. म्हणून सुरुवात चुकीपासूनच करतो.

पहिल्या वर्षी आमच्या नऊ-दहा गुंठ्यांच्या शेततळ्यात मी हजारांवर बोटुकली सोडली. मासे जास्त तर पैसा जास्त, असे माझे गणित! श्रावणात तीन दिवस आभाळ भरून राहिले. चौथ्या दिवशी पहाटे आई म्हणाली, "अरे, सगळे मासे वर येऊन तोंड उघडतायत." मला वाटले, भूक लागली. मी पेंडेच्या दोन पाट्या वाढवून टाकल्या. दुपारपर्यंत निम्मे तळे पांढरे झाले होते. आई काठावर बसून राहिली. ती काही बोलली नाही, तेच मला जास्त लागले.

ते मासे भुकेले नव्हते, त्यांचा श्वास कोंडला होता. पाण्यातील हिरवे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते. रात्री मात्र शेवाळ, मासे, तळाचा गाळ सगळेच प्राणवायू वापरतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवसांत तर साठाच होत नाही. त्यात मी टाकलेली पेंड कुजली आणि उरलासुरला प्राणवायूही तिने घेतला. अशा वेळी खाद्य व शेणखत बंद करावे, पंप लावून पाणी उंचावरून तळ्यात पाडावे आणि ताजे पाणी सोडावे. विजेचे वेळापत्रक आपल्या हातात नाही, म्हणून डिझेल इंजिनाची सोय आधीच करून ठेवावी.

आता पद्धत सांगतो. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. तिघे एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. दहा गुंठ्यांना ५०० ते ६०० बोटुकली पुरेत. प्रमाण साधारण चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ. पाणी पाच-सहा फूट हवे. बीज सोडण्यापूर्वी २० ते २५ किलो चुना टाकावा. बीजाची पिशवी आणल्याबरोबर फोडू नये. पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी, मग तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घेऊन मासे आपले आपण बाहेर पडू द्यावेत. स्वस्त मिळतो म्हणून थाई मांगूर कोणीही घेऊ नये. त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे.

पाणी पाहण्याची सोपी खूण आहे. हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा अंधुक दिसला तर ठीक. दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवे झाले, खत थांबवा.

विद्यार्थी मित्रहो, वहीत हे गणित मांडा. ५०० पैकी ३५० मासे जगले आणि वर्षभरात प्रत्येकी ८०० ग्रॅम झाले, तर २८० किलो माल निघेल. किलोमागे दोन किलो कोंडा-पेंड धरली तर ५६० किलो खाद्य लागेल. भिगवणच्या मासळी बाजारातील त्या दिवसाचा भाव लिहा, खाद्य, बीज, इंधन आणि आपली मजुरी वजा करा. उरेल तो नफा. मजुरी न धरता काढलेला नफा ही स्वतःचीच फसवणूक होय.

आणखी एक अडचण आपल्या भागाची. शेततळे मुळात पिकासाठी असते. उन्हाळ्यात कांद्याला पाणी द्यायचे की मासे जगवायचे, असा प्रश्न एप्रिलात उभा राहतो. त्याचे उत्तर बीज सोडतानाच ठरवावे. पाणी वर्षभर पुरणार नसेल तर मोठी बोटुकली घ्यावी आणि पाणी उतरण्यापूर्वी मासे काढावेत.

१० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसातील अंगुल येथे कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्याआधी बीज नदीतून धरून आणावे लागे. आज ते केंद्रातून मिळते, ही विज्ञानाची देणगी आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. सध्याच्या अटी मत्स्यव्यवसाय कार्यालयात स्वतः जाऊन विचारा; मध्यस्थाला पैसे देऊ नका. ज्यांना जमीन नाही त्यांनी खचू नये. सहकारी मच्छीमार संस्था करून तलाव ठेक्याने घेता येतो. पण अनुदान तळे खोदून देईल, पहाटे पाच वाजता काठावर जाऊन पाहण्याचे काम आपलेच आहे.

दुसऱ्या वर्षी मी ५०० च बोटुकली सोडली. पहाटेची फेरी आईने स्वतःकडे घेतली, ती आजही तिच्याकडेच आहे. माझ्या वहीत रोजची पहिली नोंद तिच्या तोंडची असते : "आज मासे खाली आहेत." एवढे ऐकले की दिवस सुरू होतो.