कधी थांबायचं ते आपण ठरवू

(मुरुड येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



काल रात्री तुमची प्रॅक्टिस ऐकली. वेल्डिंगच्या दुकानामागं पत्र्याचं शेड. एक गिटार, तीबी लातूरच्या पोराची, उसनी. एक जुना कॅसिओ, त्याची दोन बटणं मुकी. ड्रमसेट नाही, त्याच्या जागी बेंजो पार्टीचा ऑक्टोपॅड. भोंगा मंडपवाल्याचा. आणि हलगी. साडेनऊला लाइट गेली. गिटार गप, कॅसिओ गप, माइक मेला. हलगी तेवढी वाजत राहिली, आणि गाणारा पोरगा माइक खाली ठेवून नरड्यानं गायला लागला. अंधारात दहा मिनिटं. मी दारात उभा होतो. मला वाटलं, ह्यांचा बँड आत्ता सुरू झाला.

मग लाइट आली आणि तुमची भांडणं सुरू झाली.

भांडण कशाचं ते इथं सगळ्यांना माहीत आहे. लग्नाच्या वरातीची सुपारी आली आहे. पैसा बरा आहे. अटी दोन. गाणी ते सांगतील ती. आणि हलगीवाला स्टेजवर नको, तो खाली वरातीपुढं चालेल. निम्मे म्हणले, घ्या, त्या पैशात गिटार येते. निम्मे म्हणले, थुंका त्या पैशावर. हलगीवाला काहीच बोलला नाही. त्यानं हलगी पिशवीत घातली आणि तो भिंतीला टेकून बसला. तुम्ही कोणी त्याला विचारलंबी नाही.

मग मला म्हणालात, तू मुंबईला असतोस, कविता छापून येतात, तू बोल. आता मी काय बोलणार? मी गोदीतला कंत्राटी हमाल. शिकलो दहावी. सूर मला कळत नाही. पण ओझं कळतं. कोणाच्या पाठीवर काय ठेवलं जातंय ते लांबून दिसतं. तेवढ्यावर बोलतो.

आधी माझ्या बाची गोष्ट. मी सात वर्षांचा. लग्न मोठ्या घरचं. बा सकाळपासून वाजवत होता. ऊन चढलं, नवरदेव यायचा पत्ता नाही. बा जरा टेकला की कोणीतरी येऊन म्हणायचं, थांबू नको रे. कोण म्हणत होतं? कोणीबी. पाहुणा, पोरगा, आचारी. दुपारी त्याच्या बोटाची सालं निघाली, टिपरूला रक्त लागलं. पंगती उठल्यावर जेवण मिळालं, मांडवाच्या बाहेर, घरून नेलेल्या ताटात. रात्री बानं हलगी खुंटीला अडकवली आणि मला म्हणला, "ही तुझ्या हातात दिसली तर हात मोडीन." मी हात लावला नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची गाडी आपल्या मुरुडच्या रुळावरून लातूरला गेली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याच उन्हाळ्यात मी उलट्या दिशेनं मुंबईला गेलो. हलगी खुंटीलाच राहिली.

बाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाबासाहेबांनी सांगितलं, गावकीची घाण कामं टाका. लोकांनी टाकली. मेलेली ढोरं ओढणं टाकलं, वेठीचं वाजवणं टाकलं. त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. त्यांनी हात झाडले म्हणून आज तुम्ही शेडमध्ये बसून आपल्या मर्जीनं वाजवू शकता. हे विसरलात तर तुमचा बँड गेला खड्ड्यात.

पण काल अंधारात उभा राहून मी विचार करत होतो. बा वाईट वाजवत नव्हता. कातडं वाईट नव्हतं. वाईट एवढंच होतं, की कधी सुरू करायचं आणि कधी थांबायचं हे बा सोडून सगळं गाव ठरवत होतं. गुलामी तिथं होती.

आता बँडाकडं येतो. तुम्हाला वाटतं रॉक बँड म्हणजे आधी पैसा, मग गिटार, मग नाव, मग गाणी. मी थोडं वाचलंय, थोडं ऐकलंय. तसं कुठंच झालेलं दिसत नाही.

इंग्लंडात लिव्हरपूल नावाचं बंदर आहे. आमच्या गोदीसारखंच, मालाच्या चढउतारीवर जगलेलं. १९५६ साली तिथल्या शाळेतल्या पोरांनी एक टोळकं जमवलं, नाव क्वारीमेन. पुढं त्यातूनच बीटल्स झाले. त्यांचं सामान काय होतं? जॉन लेननकडं टपालानं मागवलेली स्वस्तातली गिटार. ती तो आईनं शिकवलेल्या बँजोच्या पद्धतीनं लावायचा, कारण दुसरं येतच नव्हतं. ड्रम हप्त्यावर घेतलेले. एक जण कपडे धुवायच्या पत्र्यावर बोटं घासायचा. आणि बेससाठी चहाची पेटी. आसाम-सिलोनचा चहा ज्या लाकडी पेट्यांतून तिकडं जायचा, तसली रिकामी पेटी उलटी ठेवायची, तिला झाडूचा दांडा लावायचा, दांड्याला दोरी. झाला बेस. मी हे वाचलं तेव्हा हसलो. म्हणलं, ही पेटी कोणत्या तरी हमालाच्या पाठीवरून गेली असणार. ६ जुलै १९५७ ला एका चर्चच्या जत्रेत ही पोरं उघड्या लॉरीवर चढून वाजवत फिरली. त्याच दिवशी पॉल मॅकार्टनी त्यांना पहिल्यांदा भेटला. लॉरीवर, दोस्तांनो. आपल्याकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना काय तोटा आहे?

आणि ती पोरं वाजवत होती ते कोणाचं होतं? ज्या लॉनी डोनेगनचं गाणं १९५६ साली गाजलं आणि इंग्लंडातल्या पोरांनी पेट्या-पत्रे हातात घेतले, ते गाणं १९३४ मध्ये अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्याच्या तुरुंगात काळ्या कैद्यांच्या तोंडून ध्वनिमुद्रित झालेलं आहे. कैद्यांचं गाणं! गोऱ्या पोरांच्या हातात रॉक नंतर आला. म्हणून कोणी म्हणलं, मुरुडच्या मांगा-महारांच्या पोरांना रॉक कशाला पायजे, तर त्याला सांगा, तो आमच्यासारख्यांच्याच घरचा आहे, आम्ही फक्त घरी आणतोय.

मुंबईत रॉक मागंच आला. १९८४ साली 'रॉक मशीन' नावाचा बँड निघाला, १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. धोबीतलावच्या रंगभवनात पोरं रॉक ऐकायला गर्दी करायची. गोदीपासून ते लांब नाही. पण गाणी इंग्रजीत. त्यांच्याशी माझं भांडण नाही, त्यांनी त्यांचं गायलं. पण सोयाबीनचा भाव पडल्यावर घरात जे होतं, ते त्यात नव्हतं. ते तुमच्याशिवाय कोण गाणार?

तुमच्यातला एक जण म्हणला, ऑक्टोपॅड-बेंजो म्हणजे गणपतीचं सामान, त्याला रॉक म्हणत नाहीत. अरे, बेंजो काय आहे माहीत आहे का? जपानात नागोयाच्या मोरिता नावाच्या माणसानं १९१२ मध्ये तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवली. ते वाद्य आपल्याकडं आलं, बुलबुल तरंग झालं, बेंजो झालं. चाळीतल्या पोरांनी त्याला पिकअप लावला आणि भोंग्यातून काढला. विजेवर चालणारं, रस्त्यावर वाजणारं, शाळेत न शिकवलेलं वाद्य. त्याची लाज कसली धरता?

आता आपल्या बाजूचं सांगतो. १९४४ साली मुंबईत तिघांनी एक टोळी काढली. लाल बावटा कलापथक. एक अण्णाभाऊ साठे, वाटेगावचे, मांगवाड्यातले, शाळा म्हणावी तर दीड दिवसाची. दुसरे दत्ता गवाणकर. तिसरे अमर शेख. अमर शेख कुठले? बार्शीचे. आपल्या स्टेशनावरून कुर्डुवाडीकडं गाडी निघाली की वाटेत बार्शी लागते. तिथला पोरगा. ह्यांच्याकडं काय होतं? डफ, ढोलकी, तुणतुणं आणि अमर शेखांचा आवाज. चाळीत, गिरणीच्या दारात, मैदानात उभं राहायचं. गाणी कोण ठरवायचं? ते तिघं. म्हणून तर सरकारनं बंदी घातली. सरकार वाद्याला भीत नाही. दुसऱ्यानं सांगितलेलं वाजवणाऱ्यावर कोण कशाला बंदी घालेल?

आणि सगळ्यात जवळचं उदाहरण. मद्रासचं, म्हणजे चेन्नईचं. सिनेमावाले पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी पोरं हुडकली, बरीचशी उत्तर चेन्नईतली, बंदराच्या बाजूच्या वस्त्यांतली. मयतीला गाणा नावाची गाणी गाणारे, रॅपवाले, गिटारवाले. एकोणीस जण झाले. नाव ठेवलं 'द कास्टलेस कलेक्टिव्ह', जातविहीनांचा समूह. हे नावबी आकाशातून पडलं नाही. अयोथीदास पंडितांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या लोकांना सांगितलं होतं, शिरगणतीत स्वतःला जातविहीन तमिळ म्हणून नोंदवा. तिथून ते घेतलं. ६ जानेवारी २०१८ ला त्यांचा पहिला कार्यक्रम झाला.

आता नीट ऐका. त्यांच्यात पराई वाजते. पराई म्हणजे त्यांची हलगी. तशीच कातड्याची, तशीच आगीवर तापवायची. मयतीपुढं वाजवायची वेठ ज्यांच्या माथी, ते परैयर. त्यांच्या नावावरून इंग्रजांनी 'पराया' असा शब्द केला आणि जगभर वाळीत टाकलेल्या माणसाला तो लावला. तिथंबी कित्येकांनी आमच्या बासारखी पराई टाकून दिली होती. ह्या पोरांनी ती उचलली आणि कुठं ठेवली? गिटारच्या शेजारी. ड्रमच्या शेजारी. स्टेजवर. खाली वरातीपुढं ठेवली नाही.

त्यांच्यामागं सिनेमावाला होता, आपल्यामागं वेल्डिंगवाला आहे, एवढा फरक मला मान्य आहे. पण हलगी कुठं उभी राहणार हे ठरवायला पैसा लागत नाही.

त्या एकोणीस जणांत बाई एकच होती, इसैवाणी. २०२० मध्ये बीबीसीनं जगातल्या शंभर बायांत तिचं नाव घेतलं. तुमच्यात एकबी नाही. काल शेडच्या कोपऱ्यात एक पोरगी उभी होती, चहा द्यायला आलेली. तुमची सगळी गाणी तिला पाठ होती, तुमचा गाणारा अडला तिथं ती ओठ हलवत होती. जातीचं सगळं कळतं आणि हे कळत नाही, असं कसं चालेल?

आता सुपारीचं. मी गोदीतला माणूस, मजुरीला नाक मुरडत नाही. पैसे घेऊन वाजवणं पाप नाही. बाला कोणी पैसे आणि मान दिला असता तर त्यानंबी हलगी टाकली नसती. पण गोदीत आम्ही एक शिकलोय. पाळी किती तासांची ते आधी बोलायचं. माल किती ते आधी बघायचं. मुकादम म्हणेल 'बघू नंतर', तर हात लावायचा नाही.

तसं तुम्ही करा. त्यांच्याकडं जा, सगळे जा, हलगीवाल्याला पुढं घालून जा. सांगा, वाजवतो. सगळे एकाच स्टेजवर. तुमची गाणी वाजवू, पण दोन आमची होतील. सुरू किती वाजता, बंद किती वाजता, ते कागदावर लिहा. जेवण मांडवात, सगळ्यांबरोबर. कबूल असेल तर सुपारी घ्या, गिटार आणा, माझी हरकत नाही. नाही म्हणले तर राम राम करून उठा. भांडण नको, शिवी नको. गिटार हप्त्यावर येते. गेलेली मान हप्त्यावर येत नाही.

आणि उठून आलात तर हात बांधून बसू नका. १ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती आहे. ट्रॉली मी बघतो. दोन गाणी तुमची स्वतःची पाहिजेत. ती अजून झालेली नाहीत, हे मी काल पाहिलं. सिनेमाच्या चालीवर शब्द बसवून चालायचं नाही. दुष्काळावर करा, ऊसतोडीवर करा, लाइट जाण्यावर करा. काल अंधारात जे वाजलं ना, ते धरून ठेवा, त्यातच चाल आहे.

शेवटचं. हलगीवाल्या भावा, तुझ्या घरीबी हलगीला बंदी आहे, हे मला आज सकाळी कळलं. तू ती चोरून आणतोस. चोरू नकोस. वडलांपुढं बस आणि सांग. ते रागावतील. त्यांचा राग खरा आहे, तो ऐकून घे. त्यांना शेडमध्ये घेऊन ये आणि तुझ्या हातानं वाजवून दाखव. मधेच थांबून दाखव. थांबल्यावर कोणी ओरडत नाही, हे त्यांना बघू दे.

मीबी आज घरी जाऊन बाला विचारणार आहे. खुंटीवरची हलगी ह्या पोरांना देतोस का म्हणून. नाही म्हणला तर नाही. ती त्याची आहे. पण मी विचारणार.

उद्या रात्री साडेआठला शेडमध्ये. कातडं तापवायला कोणीतरी चार लाकडं घेऊन या.

जय भीम.