शेवटची बस कुठपर्यंत?

(नाशिकमधील कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेले भाषण)



मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण फी, वसतिगृह, लवकर होणारी लग्नं यांवर बोलतो. आज मी बसबद्दल बोलणार आहे. मुलीला पुढे शिकवायचं की नाही, हे घरात ठरत असताना एक प्रश्न हमखास येतो : 'परत कशी येणार?' उत्तर मिळालं नाही, की शिक्षण तिथेच थांबतं. या नकाराची नोंद कुठल्याही रजिस्टरात होत नाही.

नाशिकला रुळांची नवलाई नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मेन रोड ते नाशिकरोड स्टेशन अशी घोड्यांची ट्राम इथे धावत होती. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. आता आपल्याला स्वप्न दाखवलं गेलं आहे ते 'मेट्रो निओ'चं. ही रुळांशिवायची हलकी मेट्रो. म्हणजे उंच पुलावरून, वरच्या तारेतून वीज घेत, रबरी टायरांवर धावणारी लांबलचक बस. १ फेब्रुवारी २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. गंगापूर ते नाशिकरोड आणि गंगापूर ते मुंबई नाका, असे दोन मुख्य मार्ग, मिळून सुमारे ३३ किलोमीटर. घोषणेला वर्षं लोटली, गाडी काही आली नाही.

पण ती आली असं धरून चालू. नकाशा समोर ठेवा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. संसारामुळे शिक्षण सुटलेल्या कितीतरी बायकांनी या विद्यापीठामुळे पुन्हा पुस्तक हातात घेतलं. त्याचं मुख्यालय आहे गंगापूर धरणाजवळ, गोवर्धन शिवारात. मेट्रो गंगापूरला थांबते, विद्यापीठ त्याच्या पुढे. दुसरं, १९९८ साली स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला. तिकडे यातला एकही मार्ग वळत नाही.

म्हणजे उरलेलं अंतर बाईनं आपल्या पायांनी किंवा आपल्या पैशानं तोडायचं. आराखड्यात ते 'थोडंसं' दिसतं. संध्याकाळी सातनंतर, दिवा नसलेल्या रस्त्यावर, ते थोडंसं राहत नाही. पुरुष एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. बाई वाटेत मुलाला शाळेत सोडते, रेशन घेते, सासूचं औषध आणते. तिचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं तिकीट.

तिकिटाचंच पाहा. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पेठ-सुरगाण्याकडची बाई त्या तिकिटावर नाशिकच्या स्टँडवर उतरते. पुढे शहर बस. ती ८ जुलै २०२१पासून महापालिकेच्या 'सिटीलिंक'ची. एसटीची सवलत तिथे चालत नाही. दिल्लीत २९ ऑक्टोबर २०१९पासून बायकांना बसप्रवास मोफत झाला. कर्नाटकात ११ जून २०२३पासून तो मोफत झाला, तेव्हा बंगळुरूच्या शहर बसही त्यात धरल्या गेल्या. तिथे जमलं ते इथे का जमू नये?

उत्तर ठरलेलं आहे : बस तोट्यात आहे. पण रस्ता किती नफ्यात आहे, असं कुणी विचारत नाही. उड्डाणपुलाचा तोटा कुणी मोजत नाही. मग मुलींना कॉलेजात पोचवणाऱ्या बसनंच नफा का दाखवावा?

माझा मेट्रोला विरोध नाही. जरूर यावी. पण तिच्या नावाखाली आजची बस अडवून ठेवू नका, एवढंच म्हणणं आहे. बस सुरू करायला पूल लागत नाही.

आपण काय करायचं? प्रत्येक गटानं आपल्या भागातल्या थांब्यांची यादी करावी. शेवटची बस किती वाजता, थांब्यावर दिवा आहे का, शेड आहे का, जवळ वापरता येण्याजोगं स्वच्छतागृह आहे का, हे लिहावं. मुली आणि कामावरून परतणाऱ्या बाया किती वाजता निघतात, तेही लिहावं. दोन्ही वेळा शेजारी-शेजारी मांडल्या की मागणी आपोआप तयार होते. ती घेऊन महापालिकेत जाऊ. गोवर्धन आणि म्हसरूळपर्यंत, शेवटचा वर्ग आणि कार्यालय सुटल्यानंतरही बस हवी, आणि तिच्यात अर्धं तिकीट हवं. मेट्रोचा आराखडा पुन्हा निघेल त्या दिवशीही हीच यादी टेबलावर ठेवू.

'परत कशी येणार?' याचं उत्तर आजवर एकेकट्या मुलीनं द्यायचं असा रिवाज आहे. ते आता वेळापत्रकानं द्यावं.