विजेचे सूर आणि चौघांचा मेळ

१९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमची पेटी आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढली. परदेशी यंत्र, ठरीव सूर, मींड नाहीं, असा तिच्यावर आरोप होता. पुष्कळ वर्षांनीं ती बंदी सैल झाली. पण तोंवर वऱ्हाडांतल्या भजनी मंडळांतून पेटी वाजतच राहिली होती. वाद्य परकें कीं आपलें, हें कारखान्यावरून ठरत नाहीं. वाजविणाराला त्यांतून कांहीं सांगावयाचें आहे कीं नाहीं, यावरून ठरतें. पुढें हाच वाद विजेच्या वाद्यांच्या वांट्याला आला.

मुंबईंत १९८२ सालीं चरणजित सिंग या चित्रपटसंगीतांतील वादकानें जपानी विद्युत्-वाद्यांवर दहा राग बसवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. त्यांतलें मंद्र स्वरांचें एक यंत्र एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाई. जी मींड पेटीला साधली नाहीं, ती या यंत्राला साधली! तरीहि मुद्रिकेला त्या वेळीं फारसे ग्राहक लाभले नाहींत. २०१० सालीं ती परदेशांत पुन्हां निघाली, तेव्हां कोठें जगानें कान टवकारले.

याच मुंबईंत १९९० नंतरच्या दशकांत ‘पेंटाग्राम’ हा मेळ उभा राहिला. विशाल ददलानी गाणारे, रँडॉल्फ कोरिआ गिटारवर, पपल माने मंद्र गिटारवर आणि शिराझ भट्टाचार्य ड्रमवर, असे हे चौघे. १९९६ सालच्या ‘वी आर नॉट लिसनिंग’ या पहिल्या संग्रहांत गिटारचा जोर होता. २००२ सालच्या ‘अप’मध्यें विजेचे ठेके व यंत्रांतून घडविलेले सूर आले. पहिलें रूप ज्यांना आवडलें, त्यांना दुसरें रुचेलच, याची हमी कोणीं दिली नव्हती. जमलेला श्रोता गमावण्याची जोखीम पत्करूनच ती वाट धरली गेली. २००५ सालीं इंग्लंडांतील ग्लास्टनबरी येथील महोत्सवांत हे चौघे वाजवून आले. २००७ सालीं ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’ व २०११ सालीं ‘ब्लडीवुड’ हे संग्रह निघाले.

पंधरा वर्षांत संग्रह अवघे चार! इंग्रजी गाणें, शब्द स्वतःचे, चित्रपटाचा आधार नाहीं; अशा संगीतावर या देशांत संसार चालणें कठीण. ददलानी यांनीं शेखर रावजियानी यांच्यासह चित्रपटांना संगीत दिलें. ‘ओम शांति ओम’चें संगीत याच जोडीचें. चित्रपटांत काम करावयाचें आणि आपल्या संग्रहाला ‘ब्लडीवुड’ असें टोचणारें नांव द्यावयाचें, ही विसंगति कोणाला खटकेल. परंतु १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणणारी ‘नाट्यमन्वंतर’ संस्था आठवावी. केशवराव भोळ्यांचें संगीत लाभूनहि ती थोड्याच वर्षांत मिटली. नव्या प्रयोगाला पोटाची तरतूद दुसरीकडून करावी लागते, आणि तिची किंमत सावकाशीच्या रूपानें मोजावी लागते.

अकोल्यांत एखादा मुलगा आज दार लावून संगणकावर ठेके जुळवीत असेल. त्यानें शिक्षण सोडावें, असें कोणी म्हणणार नाहीं. मात्र दारावर थाप मारून ‘हा गोंगाट बंद कर’ असें म्हणण्यापूर्वीं घरच्या वडील माणसांनीं एकदां आंत जाऊन त्याच्याजवळ बसावें, आणि तो काय जुळवितो तें शेवटपर्यंत ऐकावें.