थंड पडलेले पाय



  

१९८५ साली नाशिककडच्या हरसूलच्या बाजूला एका दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झालो. पावसाआधी घरे शाकारताना जुन्या पेंढ्यातून लाल विंचू निघत, आणि भगताचा उतारा होऊन रात्र उलटल्यावर माणूस डोलीतून माझ्यापुढे येई. असाच दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आला : दंश बोटाला, अंगावरून घाम निथळतो आहे, ओकाऱ्या थांबत नाहीत आणि पाय गुडघ्यापर्यंत गारठलेले. मला दिसली ती फक्त धावणारी नाडी. आणि नाडी आवरणारे म्हणून पाठ केलेले प्रोप्रॅनोलॉल मी त्याला दिले. पहाटे त्याच्या तोंडाला गुलाबी फेस आला, आणि उजाडताना तो गेला.

ॲड्रिनलिनचे ग्राही (रिसेप्टर) अल्फा आणि बीटा अशा दोन जातींचे असतात, हे औषधशास्त्रज्ञ ॲल्क्विस्टने १९४८ सालीच मांडले होते आणि परीक्षेत त्यांचा तक्ता मी बिनचूक काढला होता. विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमच्या वाटा वेळेवर मिटू देत नाही, त्यामुळे शरीरात ॲड्रिनलिनचा लोट उसळतो, अल्फा ग्राहींच्या द्वारे रक्तवाहिन्या आवळतात आणि त्या आवळणीविरुद्ध हृदय झुंजत राहते; मी प्रोप्रॅनोलॉलने बीटा ग्राही रोखून त्या झुंजणाऱ्या हृदयाचेच बळ काढून घेतले होते.

पुढच्याच वर्षी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा विंचूदंशावरील प्राझोसिनविषयीचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. रक्तदाबाची ती साधी गोळी, अल्फा ग्राही रोखणारी. तिच्या वापराने गंभीर दंशातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा चाळीसांवरून सुमारे एकावर उतरले. मी तातडीने मागणीपत्र पाठविले. दोन महिन्यांनी ते कारकुनाच्या सुवाच्य अक्षरातील शेऱ्यासह परत आले : 'सदरहू आदिवासी भागात रक्तदाबाचे रोगी आढळत नाहीत, सबब मागणी नामंजूर.' विंचवाचा खुलासा मी पुन्हा लिहिला, तेव्हा विंचूदंशाकरिता लस मागवावी असा हुकूम आला. अखेर नाशिकच्या बाजारातून पदरच्या पैशाने गोळ्या आणू लागलो. तो कारकून सज्जन होता. परंतु औषधाला एकच रोग असतो अशी त्याच्या दप्तराची श्रद्धा होती, आणि ती श्रद्धा मला पुढे मोठमोठ्या डॉक्टरांतही आढळली.

प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रोग्याला निजवून ठेवावे आणि दर तीन तासांनी, हातपाय ऊबदार होईतो, मात्रा द्यावी, एवढाच माझा तेव्हाचा उपचार. एका रात्री, सोबत आलेला भगतच रोग्याच्या पायथ्याशी तळवे धरून बसला होता. पहाटे त्याने मला उठविले : "सायेब, पाय तापले." त्यानंतर तो माणसे आधी माझ्याकडे धाडू लागला, उतारा मागून करी. माझी हरकत नव्हती.

म्हणून नव्या डॉक्टरांना सांगतो, नाडी मोजण्याआधी पाय हाताळून पाहा. ते गार असतील तर बीटा रोखणारे औषध हाती घेऊ नका. आणि नेमणुकीच्या ठिकाणी रुजू होताच साठा नोंदवही उघडा. तीत प्राझोसिन नसेल, तर मागणीपत्रात 'विंचूदंशाकरिता' हा शब्द ठळक लिहून ते त्याच दिवशी रवाना करा.